ज्वारीनं घातलेली माळ

सोलापूर मागं पडलं की एसटी हैदराबादच्या रस्त्याला लागते. दुपारच्या उन्हात डोळे अर्धे मिटून बसलं तर बाहेरची रानं समुद्रासारखी हलायला लागतात. मी रत्नागिरीकडची, मला समुद्र कळतो. इथं काळी जमीन भेगाळून पडली होती, आणि लांबच्या बाभळीखाली पाणी चमकतंय असं सारखं वाटत होतं. प्रत्येक वेळी मी ताठ बसायचे. प्रत्येक वेळी ते पाणी तेवढंच लांब सरकायचं.

मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. मथळा माझाच: ‘देवीचा कोप नव्हे, पोटाचा रोग’. आत पहिली सूचना, पाणी उकळून प्यावे. दुष्काळाचं दुसरं वर्ष, माणसं टँकरमागं धावतायत, आणि मी पुण्याहून त्यांना पाणी उकळायला सांगायला निघाले होते. पण तेव्हा हे सुचलं नाही. आमच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या मंडळात रसायनशास्त्र शिकलेली मी एकटी, त्यात तोंडानं फटकळ, म्हणून मला पाठवलं. मला वाटलं, योग्यच केलं.

जळकोट

जळकोटला शांताताईंकडं उतरले. त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स. घर आमच्यासारखंच, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि देव्हारा नाही. आमचे देव आजोबांनी दीक्षेनंतर नदीत सोडले होते, ती गोष्ट मी लहानपणी झोपताना ऐकायचे. त्यामुळं त्या घरात पाऊल टाकलं आणि परकं वाटलं नाही.

परकी होती ती भाकरी. आमच्याकडची तांदळाची, पांढरी, मऊ, माशाच्या कालवणात बुडून जाणारी. इथली रेशनच्या तांबड्या ज्वारीची, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, बाजूला फोडलेला कांदा. एवढंच. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. शेजारच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, त्याच्या मागच्या घरातून तसाच. जेवून मी भिंतीला टेकले तर तो आवाज लाटांसारखा कानात येत राहिला आणि मला झोप लागली.

उठले तेव्हा शांताताई केस विंचरत होत्या. म्हणाल्या, “छावणीवर एक बाई दाखवायचीय तुला. मला वाटतंय ते तुलाबी वाटतं का बघ. पण तोंड सांभाळ.”

“तोंड कशाला सांभाळायचं?”

“तू चल तर.”

छावणी

छावणी म्हणजे गुरांची. तालुक्याच्या सहकारी संघानं माळावर घातलेली. दावणीच्या रांगाच रांगा, आणि हजारो खुरांनी उडवलेली धूळ संध्याकाळच्या उन्हात सोन्यासारखी थांबलेली. त्या धुळीत माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसत होती. आपली गुरं घेऊन आलेली कुटुंबं तिथंच कापडं बांधून राहत. गोदाबाई आणि तिची सून रुक्मिण अशाच राहत होत्या. मुलगा ऊसतोडीला गेलेला.

रुक्मिण गुरांपुढं भिजवलेली पेंड ठेवत होती. शेंगदाण्याची पेंड, संघाच्या तेलघाणीतून आलेली, वास खमंग. टोपलं ठेवायची आणि तिथंच उभी राहायची, पुढचं विसरल्यासारखी. गोदाबाईनं हाक मारली की हलायची.

मी तिच्या गळ्याकडं बघितलं. मानेभोवती काळपट, खरबरीत पट्टा, कुणीतरी माप घेऊन काढल्यासारखा, पुढं छातीवर उतरलेला. हातांवर चोळीच्या बाहीपर्यंत तसंच, पायांवर पातळाच्या काठापर्यंत. जिथं ऊन लागतं तिथं. पुस्तकातलं चित्र माझ्यासमोर येऊन उभं राहिलं होतं.

“आईची माळ हाय ती,” गोदाबाई म्हणाली. तुळजापूरच्या देवीचे आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालतात, ती तिला म्हणायची होती. “आईनं पसंत केलंय तिला. आधी पोट गेलं. खाल्लं की जातंय. मग ही माळ उमटली. आता डोळ्याला डोळा लागत न्हाय, बसून कायबाय पुटपुटती. आई बोलती तिच्यातून. चैती पुनवेला तुळजापूरला नेऊन खरी माळ घालायची, म्हंजी झालं.”

झालं म्हणजे काय, ते शांताताईंनी हळूच सांगितलं. माळ पडली की रुक्मिण आईची. परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. नवरा ऊसतोडीहून आला तरी ती त्याची राहणार नाही. पोरीचं वय असेल विशीच्या आसपास.

रुक्मिण माझ्याकडं बघत होती. अचानक म्हणाली, “जड असती का वो माळ?”

मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि तो आला की मी पत्रकासारखी बोलते. टँकरभोवती बाया जमल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, ही कसली देवी, देवीचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही, हा पेलाग्रा, नुसती ज्वारी खाऊन होणारा रोग. बैलांना पेंड मिळते आणि ती ठेवणारीला नाही, हा कोप कुणाचा म्हणायचा? पिशवीतून जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली काढून गोदाबाईपुढं धरली.

तिनं हात मागं घेतला. “आईच्या बिमारीला दवा चालत न्हाय, बाई. कोप वाढतोय.”

टँकरपाशी एक बाई दुसरीला म्हणाली, “आईचं न्हाय म्हनत्यात.”

“मंग कशाचं?”

“तसलं कातडं कशाचं असतंय?”

मी ओरडले की महारोग नाही, हा लागट नाही, शिवलं तरी होत नाही. पण माझं पहिलं वाक्य त्यांनी घेतलं होतं. पुढचं कुणाला नको होतं.

सकाळी गोदाबाई शांताताईंच्या दारात. हातात रिकामी घागर, मागं रुक्मिण. टँकरवर त्यांची घागर रांगेतून उचलून लांब ठेवली होती.

“बाई, तुमी शिकल्यासवरल्या,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “ते कसलं कातडं हाय म्हून समद्यांच्या पोटात हुतंच की. आईची माळ म्हनलं म्हून म्या त्यांच्या तोंडाला कुलूप घातलं हुतं. तुमी ते काढलं. आता हिला पानी कोन देतंय?”

शांताताईंनी माठातलं पाणी तांब्यात काढून पुढं केलं. आमच्यासारख्या दीक्षा घेतलेल्यांच्या घराची पायरी गोदाबाई आजवर कधी चढली नव्हती, पाणी तर लांबच, हे मला नंतर कळलं. तिनं तांब्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. मग स्वतःच तांब्या घेऊन रुक्मिणीच्या ओठाला लावला.

पुनवेपर्यंत थांबायला गोदाबाई आता तयार नव्हती. आजच तुळजापूरला जाऊन भागीरथीआक्काला विचारायचं, लगेच माळ घालून घ्यायची. माळ गळ्यात असली की घागर कोण उचलतंय बघू. आक्का म्हणजे जुनी आराधीण, तिनं सांगितल्याशिवाय ह्या भागात कुणाला माळ पडत नाही. रुक्मिणीला शांताताईंकडं ठेवायचं ठरलं.

“तू जा तिच्यासंगं,” शांताताई मला म्हणाल्या. “भांडायला नको. बघायला जा.”

तुळजापूर

एसटीत गोदाबाई माझ्याशेजारी बसली, पण मध्ये पिशवी ठेवून. घाट चढताना उंचावरून खालची रानं दिसली, पिवळी, तांबूस, कुणीतरी झोपेत कुशीवर वळावं तशी बालाघाटाची टेकाडं.

तुळजापूरला आमच्या गावच्या जत्रेसारखं काही नाही. तिथले देव माडाच्या सावलीत, शांत, वर्षातून एकदा पालखीत बसून हिंडणारे. इथं दगडी पायऱ्या खाली खाली उतरतात आणि दोन्ही बाजूंनी हळदीकुंकवाचे ढीग, बांगड्या, कवड्यांच्या माळा. कुठंतरी संबळ वाजत होतं. मी न मानणारी बाई, पण त्या आवाजानं पायांना लय लागत होती आणि मला ते आवडत नव्हतं.

भागीरथीआक्का एका लॉजच्या मागच्या खोलीत राहायची. सुकलेली, ताठ, कपाळभर मळवट, गळ्यात माळा इतक्या की मान दिसेना. मंगळवार होता. तिनं आधी आम्हाला जेवायला बसवलं. “उपासाचं हाय,” म्हणाली. ताटात भगर, वर दाण्याची आमटी. दाटसर, जिरं आणि मिरची वाटून घातलेली, वर तुपाचा थेंब. जळकोटला उतरल्यापासून पहिल्यांदा माझ्या जिभेला काहीतरी स्निग्ध लागलं. मी दुसऱ्यांदा मागून घेतली, तिसऱ्यांदाही.

मग खोलीच्या गारव्यात मला गुंगी आली. गोदाबाई आक्काला सगळं सांगत होती, ते लांबून ऐकू येत होतं, आणि माझ्या मिटल्या डोळ्यांत आमच्या सरांचा फळा आला.

पूर्वी घरात काडेपेटी नसायची तेव्हा बाई शेजारणीकडून गोवरीवर विस्तव मागून आणायची. शरीराच्या प्रत्येक पेशीत तसंच चालतं. खाल्लेल्या अन्नाचा निखारा एका चुलीतून दुसऱ्या चुलीत न्यावा लागतो, आणि तो नेणारी गोवरी म्हणजे एक इवलासा रेणू. तो बनतो नायसिनपासून. नायसिन अन्नातून मिळतं, नाहीतर शरीर ट्रिप्टोफॅन नावाच्या दुसऱ्या द्रव्यापासून पायरी पायरीनं घडवतं. ज्वारीत दोन्हींची पंचाईत, आणि वर ल्युसिन नावाचं तिसरंच द्रव्य भारंभार. ते गर्दी करून ह्या पायऱ्या अडवत असावं, असं सर सांगायचे. अजून पुरतं सिद्ध नाही असंही सांगायचे. नुसत्या ज्वारीवर राहिलेल्या माणसाच्या पेशीपेशीतली चूल विझत जाते. जिथं काम सतत चालू, तिथं आधी. आतड्याचं अस्तर दर थोड्या दिवसांनी नवं होतं, ते होईनासं झालं की पोट वाहू लागतं. उन्हानं भाजलेलं कातडं सांधलं जात नाही. शेवटी डोकं. झोप जाते, आठवण जाते, माणूस पुटपुटू लागतो.

आणि शेंगदाण्यात नायसिन भरपूर.

मी डोळे उघडले. ताटात आमटीचा ओघळ वाळत होता.

“आक्का,” मी म्हटलं, “उपासाला ज्वारी चालत नाही ना?”

“ज्वारी कुठली चालती? खुळी का काय ही?”

“दाणे चालतात.”

“आता तीन डाव काय खाल्लीस मंग?”

मी सरसावून बसले. त्यांचं बोलणं माळेपाशी येऊन अडलंच होतं. आक्का विचारत होती, “कातडी सोलली का गळ्याची?”

“व्हय, भेगा हायत्या,” गोदाबाई म्हणाली.

“मंग माळ कशी घालू? कवडी रुतंल की पोरीला.”

“मग गळा बरा होईस्तोवर तिला उपास सांगा,” मी मध्येच बोलले. “पुनवेपर्यंत. ज्वारीचा दाणा पोटात जाता कामा नये. भगर आणि शेंगदाणे, दोन्ही वेळेला. पोटभर शेंगदाणे.”

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग हसली, सगळ्या माळा खुळखुळल्या. “उपास बी धर म्हनतीस आन् पोटभर खा बी म्हनतीस. असला उपास मला आधी कुनी सांगिटला न्हाय.”

गोदाबाई म्हणाली, “आक्का, ही आईला मानत न्हाय. कालच्याला चारचौघांत बोलली.”

“मानत न्हाईस?”

“नाही.”

“घरात देव?”

“आजोबांनी नदीत सोडले.”

“मंग उपास कशापायी सांगतीस?”

आजोबा नदीच्या पाण्यात कमरेपर्यंत उभे, हातात देवांचे टाक, असं काहीतरी डोळ्यांपुढं आलं. मी म्हटलं, “तिच्या पोटासाठी. देवीसाठी नाही. मी खोटं नाही बोलणार तुमच्याशी. तिला धान्यानं बिमारी झालीय, धान्यानंच जाईल. गोळी दिली तर लवकर जाईल, पण ती तुम्ही घेणार नाही.”

आक्कानं मळवट लावलेलं कपाळ खाजवलं. “पोट बी आईचंच हाय,” म्हणाली. आणि गोदाबाईला, “पुनवेपतोर उपास. ज्वारी शिवायची न्हाय. माळंचं तवा बगू.”

परतताना एसटीत गोदाबाईला मी तो सगळा विस्तव आणि गोवरी समजावली. तिनं ऐकून घेतलं. “तुमचं खरं आसंल,” म्हणाली. “पर ज्वारीनं बिमारी झाली म्हनलं तर लोकं हसत्याल, समदा गाव ज्वारीच खातंय. आक्कानं उपास सांगिटला म्हनलं की कोन तोंड उघडायचं न्हाय.”

मधली पिशवी तिनं मांडीवर घेतली होती.

पुन्हा जळकोट

आता दाणे आणायचे कुठून? मी छावणीच्या कारकुनाकडं जाऊन भांडले की पेंड तरी द्या. तो म्हणाला पेंड जनावरांच्या नावावर आहे, बाईला दावणीला बांधलंत तर देतो. मी त्याला काय म्हटलं ते मंडळाच्या अहवालात घेतलेलं नाही.

गोदाबाई भांडली नाही. तिनं परडी काढली, कुंकू लावलं आणि गावात शिरली. उपास धरलेल्या बाईसाठी जोगवा. मी मागं मागं चालत होते, उन्हात गल्ली पांढरी फटक, दारं काळी. प्रत्येक दारात तीच हाक, “आईचा जोगवा.” आणि जोगव्याला रिकामं पाठवत नाहीत. एरवी ज्वारीची मूठ पडते. पण उपास म्हटल्यावर ज्वारी कशी घालणार? बाया आत जायच्या, उतरंड हलल्याचा आवाज यायचा, आणि हातात शेंगा घेऊन बाहेर यायच्या. पेरणीसाठी ठेवलेल्या. पाऊस आलाच नाही म्हणून गाडग्यात राहिलेल्या.

“आता ह्या काय उगवतायत,” एकीनं म्हटलं आणि दोन मुठी टाकल्या. घागर उचलून ठेवणारी हीच, असं गोदाबाईनं हळूच सांगितलं. तिनं मला ओळखलं.

पलीकडची हसून म्हणाली, “गोदे, उपास सुनंला आन् दात सासूचं चालायचं, बग हां.”

“माजं दात हायत कुठं?” गोदाबाई म्हणाली, आणि गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

रुक्मिण शेंगा फोडत बसायची. पहिले काही दिवस फोडलेली शेंग हातात धरून विसरून जायची, मग शांताताई दाणे तिच्या तोंडात घालायच्या. मी निघाले तेव्हा पोट थांबत आलं होतं. गळा होता तसाच. आणि ती अजून झोपत नव्हती.

परंडा

पुढचे आठवडे मी जिल्हाभर हिंडले. परंड्याच्या किल्ल्याचा खंदक कोरडा, तोफा उन्हात झोपलेल्या म्हशींसारख्या. दरवाजासमोर उभी राहून मी ज्वारी, दाणे आणि पेंड ह्यावर बोलले. घाण्याची स्वच्छ पेंड माणसानं गुळाबरोबर खाल्ली तर बिघडत नाही, असं सांगितलं. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “बैलाला इचारून सांगतो.” सभा तिथंच संपली.

कुर्डुवाडीला आमचे कार्यवाह भेटले, दौऱ्याची पाहणी करायला आलेले. उपासाचं ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “तू उपास सांगितलास? आपण?”

“हो.”

“आणि तिचा गळा बरा झाला तर श्रेय कुणाला जाईल?”

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणूनच मी चिडले. म्हटलं, श्रेय घेऊन काय लोणचं घालायचंय, आधी गळा तर बरा होऊ दे. पण गाडीत बसल्यावर तोच प्रश्न चाकांबरोबर माझ्या डोक्यात फिरत राहिला. खिडकीबाहेर पाणी चमकत होतं. मी ताठ बसले नाही.

चैती पौर्णिमा

तुळजापुरात पाय ठेवायला जागा नव्हती. संबळ, धूळ, कुंकू, चिंध्यांचे पेटते पोत धरलेले हात. आक्काच्या खोलीत मी पोचले तेव्हा गोदाबाई आणि शांताताई आधीच आलेल्या होत्या. रुक्मिण मधे बसली होती, मान वर करून, आणि आक्का अंगठ्यानं तिचा गळा चाचपत होती. कोपऱ्यात कुंकू लावलेली नवी माळ ठेवलेली मला दिसली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

काळं कातडं सुटलं होतं. खालून नवं आलेलं, कोवळं, गुलाबीसर. कडेला फिकट रेघ, एवढीच.

“पोट?” आक्कानं विचारलं.

“न्हाय जात आता,” रुक्मिणच बोलली. तिचा आवाज मी नीट पहिल्यांदा ऐकला.

आक्कानं अंगठा पदराला पुसला. “आईनं घातली हुती, आईनं काढून घेतली,” म्हणाली. “आता वरून दुसरी कशाला घालायची? दर्शन घ्या आन् घरला जावा.” माझ्याकडं वळून, खालच्या आवाजात, “तुला जे म्हनायचंय ते तू म्हन.”

माझ्याकडं म्हणायला पुष्कळ होतं. रुक्मिण माझ्याकडं बघून ओळखीचं हसली, आणि मी ते राहू दिलं.

दर्शनाची रांग पायऱ्यांवर वळण घेत थांबली होती. सावलीचा तुकडा बघून आम्ही टेकलो. संबळ वाजतच होतं, शेजारी कुणी नारळ फोडत होतं, आणि त्या सगळ्यात रुक्मिणीचं डोकं हळूहळू कलत कलत गोदाबाईच्या मांडीवर आलं. तोंड थोडं उघडं, मुठीत शेंगदाण्याची टरफलं. श्वास असा खोल, की बघूनच माझे डोळे जड झाले.

रांग हलली. पुढची माणसं दोन पायऱ्या उतरली, मागची आम्हाला ओलांडून जायला लागली. मीच म्हटलं, “गोदाबाई, उठवा तिला. नंबर जाईल.”

“जाऊ द्या,” गोदाबाई म्हणाली. सुनेच्या कपाळावरचा घाम तिनं पदरानं टिपला. “झोपू द्या तिला. आईला दम हाय, थांबंल ती.”

रांग पुढं जात राहिली. रुक्मिणीच्या ओठांवर माश्या बसत होत्या. मी पिशवीतून एक पत्रक काढलं, त्याची घडी घातली आणि वारत बसले.